बैल, तांबडा, वय 8

आमच्या बाबांची सरकारी दप्तरात बैल म्हणून एक नोंद होती. साल 1986, महिना ऑक्टोबर. मालकाच्या रकान्यात बाबांचं नाव, पुढे ओळीने: जनावर – बैल, रंग – तांबडा, वय – 8, रोग – विषबाधा, उपचार – इंजेक्शन ॲट्रोपिन सल्फेट, 84 नग. शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द, ‘सुधारणा’. अक्षर गोल, वळणदार, कुठे खाडाखोड नाही.

आमच्या गोठ्यात तांबडा बैल कधीच नव्हता. दोन होते, दोन्ही पांढरे, आणि त्या ऑक्टोबरात दोघेही ठणठणीत होते.

ती ओळ लिहिणारा माणूस आमच्या गावातल्या ढोरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक होता. पशुवैद्यकीय खात्यात असं पद असतं. नाव भारदस्त, काम जखमा धुण्याचं, पट्ट्या बांधण्याचं, खोड्यात ढोर उभं करण्याचं आणि डॉक्टर दौऱ्यावर असले की सगळंच करण्याचं. गावात त्यांना कुणी व्रणोपचारक म्हणत नसे. थोरांचे ते ‘कंपोंडर’, आम्हा पोरांचे काका. मूल तालुक्यातलं आमचं गाव धानाचं, बोड्यांचं, म्हणजे लहान तळ्यांचं. पलीकडे जंगल. तिथल्या माणसाला स्वतःच्या तापापेक्षा बैलाच्या खुराची काळजी जास्त, त्यामुळे काकांचा मान डॉक्टरपेक्षा काकणभर अधिकच होता.

त्या वर्षी धान निसवायला आले आणि तुडतुडे पडले. बाबांनी कृषी केंद्रातून मोनोक्रोटोफॉस आणलं, पाठीवर पंप घेतला आणि दुपारभर फवारलं. पंपाच्या झाकणाची चकती झिजलेली होती. औषध पाठीवरून ओघळत होतं, सदरा भिजला होता, वारा समोरून होता. तोंडाला फडकं नव्हतं. फडकं बांधायचं असतं हे तेव्हा सांगणारंही कुणी नव्हतं. घरी आले ते दार धरून उभे राहिले. मला वाटलं, थकले. मग घाम सुटला, लाळ गळू लागली, ओकाऱ्या, आणि छातीत हुक्का गुडगुडावा तसा आवाज. मी दहावीत होते. कंदील तोंडाजवळ नेला तर डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. अंधारातही त्या मोठ्या होत नव्हत्या, हे आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

जवळच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांना रोग कळला, औषधही ठाऊक होतं. कपाटात ॲट्रोपिनच्या दहा कुप्या होत्या. एका कुपीत एक मिलिलिटर, त्यात 0.6 मिलिग्राम. अशा विषबाधेत पहिलीच मात्रा तीन मिलिग्रामपर्यंत द्यावी लागते, म्हणजे पाच कुप्या, आणि पाच मिनिटांत फरक नाही तर दुप्पट. दहा कुप्या म्हणजे पावशेर तेलात गावजेवण. चंद्रपूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, रात्रीची वेळ, गाडी नाही.

बाबांना खाटेवर घालून आणणाऱ्या चौघांत काका होते. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, “ॲट्रोपिनच ना जी?” डॉक्टर हो म्हणाले. काका सायकल घेऊन गेले. ढोरांचे डॉक्टर त्या दिवशी रजेवर होते, किल्ली काकांच्या कमरेला होती. परत आले तेव्हा हँडलला पिशवी होती आणि पिशवीत खोकी. दाराशी उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, “ढोरायचं औषध मानसाले देता का गा?” काका खोकं फोडता फोडता म्हणाले, “औषध एकच हाये बाप्पा. खोक्यावरचा शिक्का तेवढा अलग.”

रात्रभर डॉक्टर टोचत होते आणि काका कुप्यांच्या माना कापून देत होते. मी कंदील धरून. रिकाम्या कुप्या ते पांढऱ्या इनॅमलच्या ताटलीत टाकायचे, टिंग असा आवाज व्हायचा. पहाटेकडे घरघर थांबली. जीभ कोरडी पडली, चेहरा लालबुंद झाला, बाहुल्या पसरल्या, आणि बाबा बडबडायला लागले. हवेतून काहीतरी वेचायला लागले. आईला ‘धुऱ्यावरून उतर’ म्हणाले. उठून पळायला बघत होते, तेव्हा काकांनी पिशवीतलं दावं काढलं आणि त्यांचे हात खाटेला बांधले, तीच गाठ जी वासराला बांधतात. आई रडायला लागली. काका तिला म्हणाले, “वहिनी, आता भिऊ नका. बडबडून रायले म्हंजे औषध पोचलं.”

हे सगळं काय होतं, ते त्यांनीच मला दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसून समजावलं. नंतर मी पाच वर्षं पुस्तकं वाचली, पण याहून नीट कुणी सांगितलं नाही. मळणीत बैलाच्या तोंडाला मुसकं बांधतात की नाही? खाली धान पसरलेलं असतं, बैल त्यातच चालतो, पण त्याला तोंड घालता येत नाही. तसं. शरीरात मज्जातंतूंच्या टोकांतून एक रस पाझरतो, तो लाळ सोडतो, घाम सोडतो, हृदय हळू करतो, आणि काम झालं की एक झाडूवाला तो झाडून टाकतो. फवारणीचं विष त्या झाडूवाल्यालाच मारतं. मग रस साचत जातो. ॲट्रोपिन रस काढत नाही, झाडूवाल्यालाही उठवत नाही. ते फक्त मुसकं बांधतं. रस आहे, पण चाखता येत नाही. त्या रसाला ॲसिटिलकोलीन म्हणतात हे मला पुढे कळलं. हे मुसकं सगळ्या तोंडांना बसत नाही हेही पुढे कळलं. त्या रात्री बाबांच्या मांड्या पहाटेपर्यंत फडफडत होत्या, कारण स्नायूंच्या तोंडाशी ॲट्रोपिनचं काही चालत नाही. त्यासाठी दुसरं औषध असतं, तेव्हा ते आमच्या टापूत कुणी पाहिलेलं नव्हतं.

मी बारावीनंतर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेले, ती या मुसक्यामुळे. सेमिनरी हिल्सवरचं ते कॉलेज तेव्हा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाखाली होतं, ‘माफसू’ हे पशुविज्ञानाचं वेगळं विद्यापीठ 2000 साली झालं. औषधशास्त्राच्या प्रात्यक्षिकात काजळी धरलेला कागद गुंडाळलेला पिंप हळूहळू फिरायचा. बेडकाचं हृदय दोऱ्याने काटकीला बांधलेलं, ते धडधडलं की काजळीवर पांढरी रेघ उमटायची. ॲसिटिलकोलीनचा थेंब टाकला की रेघा विरळ होत जात, कधी पार थांबत. धुऊन काढून ॲट्रोपिनचा थेंब टाकायचा आणि पुन्हा तेच ॲसिटिलकोलीन. आता रेघ ढळत नसे. 1921 साली ग्राझमध्ये ऑटो लोवी यांनी बेडकांच्याच हृदयांवर दाखवून दिलं की मज्जातंतू हृदयाशी रसायनातून बोलतात, आणि 1936 साली हेन्री डेल यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. वर्गात सर ते सांगत होते, पण मला त्या काजळीच्या कागदावर बाबांची छाती दिसत होती. शेजारच्या मुलीने विचारलं, रडतेस का. मी म्हटलं, ईथर लागलं डोळ्याला.

सशाचं मात्र मला हसू यायचं. सशाच्या एका डोळ्यात ॲट्रोपिन घालायचं, दुसरा तसाच ठेवायचा, आणि पट्टीने बाहुली मोजायची. आमच्या टेबलावरच्या सशाचा डोळा बाकीच्यांच्या आधीच मूळ पदावर आला. आम्हाला वाटलं, औषध शिळं आहे. तर सरांनी सांगितलं की कित्येक सशांच्या रक्तात ॲट्रोपिन फोडून टाकणारं विकरच असतं. ज्या पाल्याने माणूस मरेल तो ससा खातो आणि उड्या मारत जातो. म्हणून प्रयोगशाळेत सशाला भूल द्यायची तर ॲट्रोपिनवर विसंबत नाहीत, ग्लायकोपायरोलेट घेतात. ते त्याच कुळातलं, पण मेंदूत फारसं शिरत नाही. शिरत नाही म्हणून बडबडही नाही. गाभण जनावरातही ते बरं, वारेतून पलीकडे पिल्लापर्यंत फारसं जात नाही.

हा पाला म्हणजे युरोपातली बेलाडोना. त्या झाडाच्या लॅटिन नावात ॲट्रोपोस आहे, आयुष्याचा धागा कापणारी ग्रीकांची देवता, आणि तिच्यावरूनच औषधाचं नाव. आमच्याकडे तेच विष धोत्र्यात. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत वैनगंगेच्या काठी धोत्र्याची काटेरी फळं महादेवासाठी पसरून बसलेल्या म्हाताऱ्या मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. सुजेवर धोत्र्याचं पान गरम करून बांधणं आणि प्रवाशाला धोत्रा घालून लुटणं, दोन्ही आपल्याकडे जुनंच. बाबांनी त्या पहाटे हवेतून जे वेचलं ते धोत्रा चढलेला माणूस वेचतो तेच. जर्मनीत रुंगे नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने 1819 साली बेलाडोनाने बाहुल्या ताणलेलं मांजर काखेत घेऊन कवी ग्योटे यांना दाखवलं होतं. ते इतके खूश झाले की त्याला कॉफीचे दाणे दिले, याचंही बघ म्हणाले, आणि त्यातून कॅफीन सापडलं. त्या मांजराचं पुढे काय झालं हे कुठल्या पुस्तकात नाही. मांजरांचं, बेडकांचं, सशांचं नसतंच. मी ज्या बेडकांवर शिकले त्यांची संख्या माझ्या प्रात्यक्षिक वहीत आहे. ती वही मी टाकलेली नाही.

नोकरीची पहिली वर्षं गडचिरोली जिल्ह्यात गेली. त्या काळात मी ॲट्रोपिन न देणं शिकले, आणि तेही काकांकडूनच. सुट्टीत घरी आले की संध्याकाळी त्यांच्याकडे जायचे. एकदा म्हटलं, बैलाच्या शिंगाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करायची आहे, भुलेआधी ॲट्रोपिन देऊन ठेवू का, पुस्तकात कुत्र्याला देतात. काका तंबाखू मळत होते. म्हणाले, “गायीले, बैलाले देशील तर त्याचा कोठा बांधशील.” शब्दशः खरं आहे. गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गाळते. ॲट्रोपिनने ती थांबत नाही, चिकट होते, आणि चिकट लाळ श्वासनळीत अधिक वाईट. त्यात पोटाची हालचाल मंदावते, वायू साठतो, आडवं पडलेलं जनावर फुगत जातं. त्यापेक्षा उपाशी ठेवावं, मानेखाली पोतं घालून तोंड उताराला करावं, लाळ आपोआप जमिनीवर जाते. झायलाझिन हे गुंगीचं औषधही बैलाला घोड्याच्या दहाव्या हिश्श्यात पुरतं. धानोऱ्याकडच्या एका मोहाच्या झाडाखाली मी तो बैल असाच पाडला. मालक माडिया होता, शिंग कापून होईपर्यंत तो बैलाच्या कानात काहीतरी बोलत होता. मला भाषा कळली नाही, बैल शांत होता एवढं कळलं.

एक गोष्ट इथे सांगून टाकते. त्याच वर्षांत मी लंगडणाऱ्या, सुजलेल्या शेकडो ढोरांना डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचलं आहे. सगळेच टोचत होतो. मेलेल्या ढोरातून ते गिधाडांच्या पोटात गेलं आणि गिधाडं संपत आली. 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पुढे गडचिरोलीच्या जंगलात वनखात्याने गिधाडांसाठी उपाहारगृहं काढली, स्वच्छ मांस ठेवायला. तिथे मी एकदा गेले होते. फार वेळ थांबले नाही.

2004 साली आमच्याच गावच्या दवाखान्याचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आला. काका तेव्हा निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. जुन्या दप्तराचं निर्लेखन करायचं होतं, वाळवी लागलेल्या नोंदवह्यांची यादी करून माझ्या सहीने त्या रद्दीत काढायच्या. 1986 ची वही हातात आली तेव्हा मी काही शोधत नव्हते. पान उलटलं आणि बाबांचं नाव दिसलं.

पहिल्यांदा हसू आलं. मग सवयीने हिशेब केला. 84 कुप्या, प्रत्येकी 0.6, म्हणजे 50.4 मिलिग्राम. विषबाधेत ढोराला किलोला अर्धा मिलिग्राम धरतात, तीनशे किलोच्या बैलाला दीडशे मिलिग्राम, अडीचशे कुप्या. म्हणजे बैलाच्या मानाने 84 थोड्याच होत्या. कुठलाही तपासनीस आला असता तरी बोट ठेवायला जागा नव्हती. शेळी लिहिली असती तर पकडले गेले असते, कुत्रा लिहिला असता तर नक्कीच. रात्रभर जागलेला तो माणूस सकाळी वही उघडून बसला, ताटलीतल्या कुप्या मोजल्या आणि एवढं औषध बसेल अशा मापाचं जनावर त्याने निवडलं. केसपेपरची पावतीही त्याच तारखेची होती. बाबा तर दावं बांधून पडलेले, पैसे कुणाच्या खिशातून गेले ते उघड होतं.

मी ते पान फाडून घेऊ शकले असते. घेतलं नाही. दप्तराचं पान फाडणं काकांना खपलं नसतं. खोटं लिहिलं होतं, पण नियमात. ओळ माझ्या डायरीत उतरवून घेतली आणि निर्लेखनाच्या यादीवर सही केली.

संध्याकाळी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “मानसाचा रकानाच नव्हता त्या वहीत, काय करू?” बाबा शेजारीच बसले होते. त्यांना हे अठरा वर्षांनी कळत होतं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “तांबडा काहून लिवला?” काका म्हणाले, “त्या रात्री लालच झाले होते ना तुमी.” ॲट्रोपिनने चढलेली लाली. बैलाच्या वर्णनातला तेवढा एक रकाना खरा होता.

2011 च्या उन्हाळ्यात ब्रह्मपुरी वनविभागातल्या एका गावात बिबट्या गोठ्यात शिरला. शेळी मारून माळ्यावर चढून बसला होता. बाहेर सगळं गाव, काही जण तर शेजारच्या घराच्या कौलांवर. मी केटामिन आणि झायलाझिनचा डार्ट भरला, वनरक्षकाने नेम धरला, मांडीत लागला. दहा-बारा मिनिटांनी तो उतरला, म्हणजे घसरला. केटामिनमध्ये डोळे मिटत नाहीत, म्हणून डोळ्यांत मलम घातलं, वरून फडकं बांधलं. कोपराच्या मागे हात घातला तर ठोके मिनिटाला 52. माझ्या खिशात ॲट्रोपिनच्या दोन कुप्या असतात, नेहमीच. एक काढली, हातात धरली. मागून कुणीतरी म्हणालं, मॅडम, इंजेक्शन द्या ना, मरेल तो. पण झायलाझिनने आधी रक्तदाब वाढतो आणि तो वाढला म्हणून हृदय आपणहून सावकाश चालतं. अशा वेळी ॲट्रोपिनने त्याला पळायला लावलं तर ते दाबाविरुद्ध पळतं. हिरड्या गुलाबी होत्या. श्वास खोल होता. मी दर मिनिटाला मोजत राहिले. 52, 54, 54, 58. त्या अर्ध्या तासात मला ताटलीतली टिंग ऐकू येत होती. पिंजऱ्यात घालून झायलाझिनची गुंगी उतरवणारं योहिंबिन दिलं, तो डोकं वर करून गुरगुरला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुपी न फोडता खिशात परत गेली. दुसऱ्या दिवशी साठा वहीत ॲट्रोपिनचा खर्च शून्य लिहिला. एवढ्या समाधानाने मी शून्य कधी लिहिलं नव्हतं.

काकांना हे फोनवर सांगितलं. म्हणाले, “हात ठेवला होता ना? मंग झालं.”

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा बाबा रोज पेपर मोठ्याने वाचायचे. मोनोक्रोटोफॉसचं नाव त्यात होतंच. एकतीस वर्षं झाली होती. बाबा पेपर घडी करून ठेवायचे आणि काठी घेऊन काकांकडे जायचे. दोघं काय बोलायचे ते माहीत नाही, बहुधा धानाचे भाव.

2019 मध्ये काकांना मोतीबिंदू निघाला. मी त्यांना चंद्रपूरला घेऊन गेले. नर्सने तपासणीआधी डोळ्यांत थेंब घातले, पुन्हा दहा मिनिटांनी घातले, आणि बाकावर बसवलं. थोड्या वेळाने त्यांच्या बाहुल्या कवड्यांएवढ्या झाल्या. मी सांगितलं, काका, हे ट्रॉपिकामाइड. आपल्या ॲट्रोपिनचाच धाकटा भाऊ, लवकर उतरतं.

“मुसकं?”

“हो, डोळ्याचं मुसकं.”

त्यांनी हातातला केसपेपर डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. अक्षरं पसरली होती. कागद माझ्याकडे दिला.

“वाच बरं पोरी. काय लिवलं हाये? बैल का मानूस?”

मी वाचून दाखवलं. नाव, गाव, पुरुष, वय 78.

“वय बरोबर हाये,” ते म्हणाले आणि भिंतीला डोकं टेकून बसले.